शोधनिबंध छापला म्हणजे काम संपत नाही, त्याची नोंदही नीट ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शैक्षणिक पानावर अधूनमधून बातमी असते की अमुक कॉलेजच्या सरांचा किंवा मॅडमचा शोधनिबंध जर्नलमध्ये छापून आला, फोटो असतो, अभिनंदन करणाऱ्या प्राचार्यांचं नाव असतं, आणि वाचून बरं वाटतंच, कारण सातारा-सांगलीकडच्या माणसानं काहीतरी नवीन शोधून लिहिणं ही साधी गोष्ट नाही. पण बातमी आली, फाइलला कात्रण लागलं, आणि पुढं वर्षभरानं तो लेख कुणाला शोधून सापडतो का हे कोणी बघतच नाही. मी सांगलीत एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, मुलांना आणि प्राध्यापकांना लेख शोधून देणं हे रोजचंच काम आहे, आणि आपल्या भागातली कॉलेजं जी जर्नल्स स्वतः काढतात त्यांच्यातले लेख शोधायला गेलं की जीव मेटाकुटीला येतो म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांब झालंय, पण जमेल तेवढं छापा ही विनंती.

लेखाची नोंद म्हणजे काय ते आधी सांगते कारण सगळ्यांनाच हे माहीत असेल असं नाही. लेखाचं शीर्षक, लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम, कॉलेज, जर्नलचं नाव, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळखनंबर, खंड, अंक, पानं, तारीख, सारांश, संदर्भयादी, लायसन्स आणि लेख नेटवर कुठं आहे ती लिंक. ह्या सगळ्याला मिळून मेटाडेटा म्हणतात. जर्नलला लेखांसाठी डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ओळखनंबर, घ्यायचा असेल तर बहुतेक जण क्रॉसरेफचे मेंबर होतात आणि ही माहिती तिथं भरतात. क्रॉसरेफ ही २००० साली प्रकाशकांनीच मिळून काढलेली ना-नफा संस्था आहे आणि आज तिच्याकडं १६ कोटींच्या वर नोंदी आहेत. तिथली माहिती कुणालाही फुकट घेता येते, ओपनॲलेक्ससारखे डेटाबेस ती तिथून उचलतात, संदर्भयादी करून देणाऱ्या झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डीओआय टाकला की लेखकाचं नाव न् तारीख आपोआप भरली जाते ती पण तिथूनच येते. म्हणजे एका माणसानं एकदा फॉर्म भरताना केलेली चूक तिथंच रहात नाही, ती दुसऱ्याच्या प्रबंधात जाते, त्याच्या संदर्भयादीतून तिसऱ्याकडं जाते, आणि मग मूळ ठिकाणी दुरुस्त केली तरी आधीच पुढं गेलेली चूक छापलेली ती छापलेलीच.

आपल्याकडं सातबाऱ्याचं उदाहरण दिलं की हे लगेच कळतं. जमीन तुमची, कसताय तुम्ही, पण उताऱ्यावर आजोबांचं नाव चुकलं असेल तर बँक विचारत नाही की सोसायटी विचारत नाही, आणि मग फेरफार करून घ्यायला हेलपाटे. लेखाचंही तसंच आहे, फक्त इथला फेरफार फुकट आहे आणि खुर्चीत बसून होतो. क्रॉसरेफकडं नवीन लेख नोंदवायला साधारण १ डॉलर पडतो, वर वार्षिक वर्गणी असते, पण आधी भरलेली माहिती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. उलट माहिती आणि लिंक अपडेट ठेवणं हे मेंबर म्हणून जर्नलवर बंधनकारकच असतं. तरी कोणी करत नाही.

एक उदाहरण देते. मध्यंतरी पीएचडी करणारी एक मुलगी सांगलीच्या हळदीच्या सौद्यांवर आधी कुणी काय लिहिलंय ते शोधत होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून ह्या विषयावर बऱ्याच जणांनी काम सुरू केलंय त्यामुळं काहीतरी मिळणारच असं आम्हाला वाटत होतं. नेटवर शोधून शोधून दमलो, बाहेरच्या राज्यातले लेख आले, परदेशातले आले, इथला एकही नाही. शेवटी शोधगंगा ह्या पीएचडी प्रबंधांच्या साइटवरचा एक प्रबंध चाळताना त्याच्या संदर्भयादीत एक लेख दिसला, नेमका ह्याच विषयावरचा, आणि तो छापलेला होता आपल्याच भागातल्या एका कॉलेजच्या जर्नलमध्ये. त्या जर्नलच्या साइटवर जाऊन बघितलं तर शीर्षक पूर्ण कॅपिटलमध्ये, टर्मरिकच्या स्पेलिंगमधला पहिला आर गायब, लेखकाच्या नावाच्या रकान्यात नुसतं डॉक्टर आणि आडनावाच्या रकान्यात कॉलेजचं नाव, सारांशाची जागा मोकळी. लेखाच्या पहिल्या पानावर डीओआय छापला होता पण तो डीओआय डॉट ओआरजीवर टाकला तर असा नंबरच सापडत नाही म्हणून उत्तर आलं. लेख मात्र चांगला होता हो, त्या माणसानं यार्डात व्यापारी, अडते, हमाल सगळ्यांशी बोलून लिहिलेला. त्याची मेहनत कुणापर्यंत पोचलीच नाही, आणि त्या मुलीचेही आठवडे वाया गेले, ह्याचं मला खरंच दुःख होतं.

डीओआय छापला म्हणजे तो नोंदवला असं नसतं हे इथं ठळक सांगायला पाहिजे. तो नंबर १० नं सुरू होतो, मग टिंब देऊन प्रकाशकाचा नंबर, तिरकी रेघ, आणि पुढं लेखाचा नंबर, त्यामुळं तसा दिसणारा नंबर कुणीही टाइप करू शकतं. नोंद झालेली असेल तरच तो चालतो. आणि चालता राहायचा असेल तर साइट बदलली की नवी लिंक कळवावी लागते. डीओआय काढला गेला तोच मुळात ह्यासाठी की वेबसाइटचे पत्ते बदलत राहतात पण नंबर बदलू नये. आपल्याकडं काय होतं, कॉलेजची नवी वेबसाइट होते, ती करणारी एजन्सी वेगळी असते, जुनी पानं उडतात, किंवा डोमेनचे पैसे भरायचे राहतात आणि त्याच पत्त्यावर तिसऱ्याच कुणाची तरी जाहिरातींची साइट उघडते, आणि पाच-सहा वर्षांचे सगळे अंक एका दिवसात गेले. कुणाला पत्ताही लागत नाही.

आता नावांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. आपण शाळेपासून आडनाव आधी लिहितो, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि डीटीपीवाला तसंच डाव्या बाजूनं भरत जातो त्यामुळं पाटील हे पहिलं नाव होतं आणि वडिलांचं नाव आडनाव होतं. पुढं कुणी संदर्भ दिला की लेखक म्हणून वडिलांचं नाव येतं! जाधव, पाटील, पवार, शिंदे, मोरे, कुलकर्णी ह्या आडनावांची आपल्या दोन जिल्ह्यांत किती माणसं असतील, त्यात नुसती आद्याक्षरं दिली की पाटील एस. एम. हे नक्की कोण ते देव जाणे, केमिस्ट्रीचे का मराठीचे का शेतीचे. साळुंखेमधला एच एका लेखात असतो दुसऱ्यात नसतो, पवारमध्ये कुठं ए तर कुठं ओ. बायकांचं तर आणखी अवघड, लग्नाआधीचे लेख एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या, आणि शोधणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी मॅडमना प्रमोशनची फाइल करताना हा त्रास झालेला मी बघितलाय, स्वतःचेच लेख स्वतःचे आहेत हे सांगायला ॲफिडेव्हिट जोडावं लागतं.

ह्यावर उपाय आहे आणि तोही फुकट आहे. लेखकाला स्वतःचा ऑर्किड म्हणून १६ आकडी नंबर मिळतो, २०१२ पासून ही सोय सुरू आहे, ईमेल टाकून पाच-दहा मिनिटांत होतो, त्यात तुमची आधीची नावं, वेगवेगळी स्पेलिंगं सगळं लिहिता येतं आणि नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. जर्नलनं लेख घेतानाच तो मागायचा आणि क्रॉसरेफच्या नोंदीत भरायचा. कॉलेजच्या नावासाठीही तसाच आरओआर नावाचा नंबर असतो, कारण एकाच कॉलेजचं नाव कुणी संस्थेसकट लिहितं, कुणी गावासकट, कुणी नुसती आद्याक्षरं. नावाच्या रकान्यात डॉ., प्रा., सौ., प्राचार्य असं काही घालू नका एवढं जरी पाळलं तरी निम्मा गोंधळ मिटेल असं मला वाटतं. मान द्यायचा तो लेखाखाली द्या, नोंदीत नाव म्हणजे फक्त नाव.

मराठी लेखांची अवस्था तर बघवत नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र ह्या विषयांतलं कितीतरी चांगलं काम मराठीत होतं पण ते जुन्या, युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारी अक्षरं) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. स्क्रीनवर आणि छापून छान दिसतं, पण पीडीएफमधून शीर्षक कॉपी केलं की उलटीसुलटी रोमन अक्षरं आणि चिन्हं येतात, आणि तीच चिन्हं काही ठिकाणी जशीच्या तशी नोंदीत चिकटवलेली मी बघितलीयेत. सर्च इंजिनला त्यात मराठी दिसतच नाही. मग काही जण सोपं म्हणून फक्त इंग्रजी शीर्षक भरतात, ते पण कुणीतरी घाईत केलेलं, आणि मूळ मराठी शीर्षक नोंदीतून कायमचं गेलं. खरं तर क्रॉसरेफच्या नोंदीत मूळ भाषेतल्या शीर्षकाला वेगळी जागा आहे, लेख कुठल्या भाषेतला आहे तेही सांगता येतं, म्हणजे दोन्ही शीर्षकं ठेवता येतात. युनिकोडमध्ये टाइप करा, देवनागरीत शीर्षक भरा, सोबत इंग्रजीही द्या. मराठीतल्या लेखाला कुणी विचारत नाही अशी तक्रार आपण करतो, पण तो सापडला तर विचारतील ना.

स्थळांची नावंही तशीच. कास पठारावर किती लेख आहेत, २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात कास आहे, आणि त्या लेखांत कास कुठं एका ए नं तर कुठं दोन ए नं. वायतुरा ह्या फुलाच्या शास्त्रीय नावात तर चक्क साताऱ्याचं नाव आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, पण शीर्षकात त्यातलं एक अक्षर चुकलं की ह्या फुलावर काम करणाऱ्याला तो लेख दिसणार नाही. इतिहासवाल्यांसाठी अजून एक गोष्ट, आपला सांगली जिल्हा १९४९ ते १९६० दक्षिण सातारा होता, त्या काळातली कागदपत्रं, गॅझेटं, अहवाल सगळे त्या नावाचे आहेत, त्यामुळं त्या काळावर लेख लिहिला तर कीवर्डमध्ये दोन्ही नावं टाकायला हवीत. एवढं कोण करतं म्हणाल तर करणारी माणसं आपल्याच भागात होऊन गेलीत. वाईला विश्वकोशाचं काम झालं तिथं नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि संदर्भ देण्याची शिस्त पाळली गेली, कॉम्प्युटर नव्हता तेव्हापासून.

तारखेबद्दल थोडंसं. आपली बरीच जर्नल्स उशिरा निघतात, जूनचा अंक दिवाळीनंतर येतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण नोंदीत जून भरू नका. नेटवर कधी आला आणि छापून कधी आला ह्या दोन तारखा वेगवेगळ्या भरता येतात, त्या खऱ्या भरा. आधी कुणी शोधलं हा प्रश्न तारखेवर ठरतो.

चूक दुरुस्त कशी करायची ह्यातही आपल्याकडं घोळ आहे. लेखात बरोबर आहे आणि नोंदीत चुकलंय तर नोंद सरळ दुरुस्त करून टाका. पण लेखातच चूक आहे, समजा एका लेखिकेचं नावच राहिलं किंवा तक्त्यातले आकडे चुकले, तर गुपचूप पीडीएफ बदलायची नाही, शुद्धिपत्र काढायचं, त्याला स्वतःचा डीओआय द्यायचा आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडायच्या. गुपचूप बदललं की ज्यानं आधी डाउनलोड केलं त्याच्याकडं वेगळा लेख आणि आज बघणाऱ्याकडं वेगळा. लेख मागे घेतला असेल तर त्याचं पान उडवू नका, तिथं मागे घेतल्याचं आणि का घेतलं ते लिहा आणि नोंदीतही तसं नोंदवा. मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉच नावाची मोठी यादी आहे, ती क्रॉसरेफनं २०२३ मध्ये घेऊन सगळ्यांसाठी खुली केली. पान उडवलं तर लोक आधी डाउनलोड केलेला लेख वर्षानुवर्षं वापरत राहतात. शेतीतल्या औषधाच्या डोसवरचा किंवा दवाखान्यातल्या उपचारावरचा लेख असेल तर ह्यातून काय होऊ शकतं ते मी सांगायला नको.

आणि आताच हे लिहायचं आणखी एक कारण आहे. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०१८ मध्ये जाहीर झालेली, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचं यूजीसीनं सांगितलं. आता कुठलं जर्नल चांगलं हे कॉलेजनं आणि विद्यापीठानं स्वतः ठरवायचंय. चांगल्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून नकली साइट काढणारे लोक आहेत, पैसे घेऊन लेख छापतात, आणि आपले तरुण प्राध्यापक त्यात फसतात. आयएसएसएन हा फक्त ओळखनंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही, छापील आवृत्तीचा वेगळा असतो आणि ऑनलाइनचा वेगळा. ज्या जर्नलची नोंद नीट आहे, डीओआय चालतायत, साइटचा पत्ता आयएसएसएनच्या पोर्टलवरच्या पत्त्याशी जुळतोय, त्याची नक्कल पकडायला सोपी जाते. नोंद गबाळी असली की खरं न् खोटं सारखंच दिसतं. हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, की आपल्या छोट्या प्रामाणिक जर्नल्सना ह्या भामट्यांच्या रांगेत उभं राहायला लागू नये.

सरकारनं बाहेरची जर्नल्स वाचायला मिळावीत म्हणून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलं, ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, चांगलीच गोष्ट आहे, आमच्या मुलांना फायदाच आहे. पण जगाचं आपण वाचायचं आणि आपलं जगाला दिसू नये हे काही पटत नाही. आपलं दिसायला त्या मानानं काहीच खर्च नाही. जर्नल चालवायचं ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातूनच क्रॉसरेफला माहिती पाठवायची सोय आहे, आणि गुगल स्कॉलरला वाचता येतील असे टॅग ते पानात आपोआप घालतं. कमी आहे ती माणसाची. संपादक म्हणजे एखाद्या विभागप्रमुखाकडं जादा काम, टायपिंग बाहेर डीटीपीला, साइट तिसऱ्याकडं, आणि लॉगिन कुणाच्यातरी खासगी ईमेलवर. सरांची बदली झाली किंवा रिटायर झाले की पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, नवीन माणसाला आधीचे अंक कुठं आहेत तेही माहीत नसतं. मी कुणाला दोष देत नाही, तासिका, परीक्षा, नॅकची कागदं ह्यातून त्या लोकांना वेळ कधी मिळणार.

म्हणून प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की ज्या जर्नलवर कॉलेजचं नाव आहे त्याच्या नोंदींची जबाबदारी एका माणसाकडं लेखी द्या, त्याचं नाव अंकावर छापा, ते काम त्याच्या वर्कलोडमध्ये धरा, लायब्ररीतल्या माणसाला दिलं तर उत्तमच. लॉगिन पदाच्या ईमेलवर ठेवा. लेख प्रसिद्ध व्हायच्या आधी जसा प्रूफ लेखकाला पाठवता तशी त्याची नोंदही पाठवा, नाव, क्रम, कॉलेज बरोबर आहे का म्हणून लेखकाची सही घ्या. सहा महिन्यांतून एकदा सगळे डीओआय उघडून बघा. संदर्भयादी पण भरा, कारण ती भरली तरच कोणी कुणाचं काम पुढं नेलं ते जुळतं, आणि त्यात आपल्याकडच्याच जुन्या लेखकांना श्रेय मिळतं. शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्हे आहेत, तिथल्या लायब्ररीनं पुढाकार घेऊन सगळ्या कॉलेज जर्नल्सच्या संपादकांना एकत्र बसवून ह्याचं ट्रेनिंग दिलं तर फार मोठं काम होईल, आणि छोट्या जर्नल्सना वर्गणी जड जात असेल तर क्रॉसरेफमध्ये स्पॉन्सर म्हणजे मधल्या एखाद्या संस्थेमार्फत जायचीही सोय आहे, विद्यापीठानं ती बघावी.

लेखकांनीही आपापलं बघावं. आज रात्री जेवण झालं की मोबाइलवर आपल्या लेखाचा डीओआय उघडा, उघडतो का बघा, नाव बरोबर आहे का बघा, नसेल तर जर्नलला मेल टाका आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ज्यांना ऑर्किड काढता येत नाही, किंवा मराठी शीर्षक युनिकोडमध्ये कसं करायचं ते कळत नाही, त्यांनी आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन विचारावं, आणि तिथं जमलं नाही तर सांगलीत आमच्याकडं यावं, दुपारी चारनंतर मी बसून करून देईन, दुसऱ्या कॉलेजचे असाल तरी.

आपली नम्र,
एका महाविद्यालयातील ग्रंथपाल, सांगली